समोवारशेजारची गळकी वाटी

मित्रांनो, मला कप म्हणू नका. कपाला टेकायला बूड असतं, मला नाही. मी तांब्याची एक जुनी, गोल बुडाची वाटी आहे आणि स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही. टेबलावर ठेवलंत तर मी डुलते. कोणी दार आपटलं तरी डुलते. म्हणून तर संग्रहालयाने मला एका लोखंडी कड्यात अडकवून ठेवलं आहे.

माझं खरं नाव पंगान. ज्या तांबटाने मला घडवलं, त्याने माझा आकार झटपट ठोकून काढला. वेळ घेतला तो माझ्या बुडाच्या भोकाने. सुई घालून पाही, पाण्यात सोडून पाही, मान हलवी आणि पुन्हा कानस घेऊन बसे. कारण माझं सगळं मोल त्या भोकात होतं.

आमच्या गावाला पाणी येई ते कारेजमधून, म्हणजे डोंगरापासून जमिनीच्या पोटातून खणत आणलेल्या बोगद्यातून. ते पाणी डाळिंबांच्या आणि पिस्त्यांच्या बागांना पाळीपाळीने मिळे. पाळ्या राखणारा आमचा पाटकरी होता मीराब यदुल्ला. तो मला पाण्याने भरलेल्या घंगाळात सोडून देई. भोकातून पाणी हळूहळू आत चढे आणि काठोकाठ भरले की मी बुडे. बुडले की एक पंगान पाणी झालं; अर्धं-पाव पंगान माझ्या आतल्या रेघांवरून कळे. लगेच तो मला उपसून पुन्हा सोडे. उन्हाळ्यात भाऊ-भाऊ फावडी घेऊन एकमेकांच्या अंगावर धावत, तेव्हा यदुल्ला दोघांना माझ्यासमोर आणून बसवी. तिथे कोणाची अरेरावी चालत नसे. मला त्याचा तोरा होता, खोटं कशाला बोलू.

पुढे डिझेलचे पंप आले, मनगटी घड्याळं आली आणि कारेज आटला. यदुल्लाच्या नातवाने मला संग्रहालयाला देऊन टाकलं. पाट्या लिहिणाऱ्या शहरी माणसाला त्याने माझं नाव सांगितलं, पंगान. त्या माणसाला वाटलं, हा खेडवळ गडी फिंजान म्हणतोय, म्हणजे चहाचा कप. त्याने पाटीवर फिंजान लिहिलं. आता गळका कप कसा चालेल? दुरुस्ती करणाऱ्याने तांबूस मेणाने माझं भोक बुजवलं, वरून छान घासलं आणि समोवार, म्हणजे चहाचं पाणी उकळायचं मोठं भांडं, त्याच्याशेजारी काचेआड मला मांडलं. त्याने ते मायेनेच केलं असेल, पण माझा जीव घुसमटला. येणारे-जाणारे चहाची भांडी बघत आणि पुढे सरकत. मी कड्यात तळमळत राही.

मग एके दिवशी मुलींची शाळा आली. त्यांच्या बाई, खानम अदीबी, यांनी काम दिलं होतं की प्रत्येकीने एकच वस्तू निवडायची आणि तिच्याकडे गणित, विज्ञान, इतिहास, भाषा अशा सगळ्या विषयांच्या नजरेने पाहायचं. मुली तलवारीकडे आणि दागिन्यांकडे पळाल्या. फरीमाह नावाची एक मुलगी धक्काबुक्कीत मागे राहिली आणि तिच्या वाट्याला मी आले. शकीबा नावाच्या मैत्रिणीने तिची टर उडवली, “कपावर काय लिहिणार गं? चहा गरम होता, मी प्याले?”

फरीमाह माझं चित्र काढू लागली आणि थबकली. माझ्या आतल्या रेघांमध्ये सारखं अंतर नव्हतं. उभा न राहणारा कपही तिला पटेना. संग्रहालय सांभाळणारे आगा कुदसी जवळच होते. तिने त्यांना विचारलं, ज्यांनी हा कप दिला ते याला काय म्हणायचे? ते हसून म्हणाले, पंगान म्हणायचे, खेड्यातला उच्चार. ती तडक बाईंकडे गेली.

“बाई, माझी आई म्हणते, ‘पंगानभर थांब, आलेच.’ कपभर कोणी थांबतं का?”

बाई हसल्या नाहीत. फरीमाहने भीतभीत सांगितलं की पंगान हे वेळेचं माप असणार, आणि उभं न राहणारं हे भांडं पाण्यात सोडायचं बुडणारं घड्याळ असावं. पोरीची समजूत घालून मोकळं व्हावं म्हणून कुदसींनी मला काचेबाहेर काढलं आणि परात आणून तीत पाणी भरलं. बुडाली तर पाटी बदलू, तरंगली तर कप, असं ठरलं.

आणि मी तरंगले. मित्रांनो, तरंगणारा वाचला असं तुम्ही समजता. मी त्या परातीत शरमेने मेले. किती वर्षांनी पाणी अंगाला लागलं होतं आणि मला त्याला आत घेता येत नव्हतं. मुली खिदळल्या. “थांबा हं, पंगानभर,” शकीबा म्हणाली. फरीमाहचे कान लाल झाले. कुदसींचा हात मला उचलायला आला. आता पुन्हा कड्यात, कायमची कप, या विचाराने मी नुसती डुलत होते.

त्यांच्याआधी फरीमाहने मला उचललं, पालथं केलं आणि बुडावर नख लावलं.

“आगा, हे तांबं नाही. मेण आहे.”

“गळत होती म्हणून बुजवलंय, बाळ. ठेव ती खाली.”

“गळकं भांडं कुठेही फुटतं, आगा. हे बरोबर मधोमध आहे, आणि गोल आहे.”

कुदसींनी माझं बूड डोळ्यांजवळ धरलं. संग्रहालयाच्या वस्तूशी असला खेळ करायला ते सहज नाही म्हणू शकले असते. पण ते आत गेले, स्वतःच्या चहासाठी उकळत ठेवलेलं पाणी घेऊन आले आणि परातीत ओतलं. मला त्यांनी स्वतःच्या हाताने सोडलं. मेण मऊ झालं, सुटलं, आणि बारीकशी धार माझ्या पोटात आली. पाणी पहिल्या रेघेला लागलं, मग दुसऱ्या. कोणी हसत नव्हतं. फरीमाह वही विसरून वाकून पाहत होती. काठ पाण्याला टेकला आणि मी बुडाले.

कुदसींनी चमच्याने मला वर काढलं, रितं केलं आणि पुन्हा पाण्यात सोडलं.

आता पाटीवर माझं खरं नाव आहे. पण मी अजून काचेआडच आहे, कोरडी, आणि माझी तळमळ संपलेली नाही. मित्रांनो, जुन्या वस्तूत भोक दिसलं की ते बुजवायला धावू नका, आधी ते कोणी आणि कशाला पाडलं ते विचारा. आणि इथे कधी आलात तर काचेला नाक लावून माझं कौतुक करू नका. कुदसींकडे परातभर पाणी मागा आणि मला बुडू द्या.