चपलांसकट

लातूर जिल्हा झाला त्या साली जिल्हा आला, पाऊस आला नाही. लग्नं झाली, पण वराती निघाल्या नाहीत. चन्नबसप्पाच्या बँडला फुरसतच फुरसत. तिचा त्याने भलताच उपयोग केला: सॅक्सोफोनवर स्वतःच्या सहा चाली बांधल्या. ना सिनेमाचं गाणं, ना आरती. नुसता ठेका, ऐकणाऱ्याची मान आपोआप हलावी असा. कॅसेट काढायला चौघांना घेऊन तो नांदेडला शेषेरावांच्या कॅसेटच्या दुकानामागच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत गेला.

शेषेरावांनी अर्धा-अर्धा गिलास पाणी दिलं, पंखा बंद केला आणि सगळ्यांना खुर्च्यांवर बसवलं.

इथेच घोटाळा झाला. वीस वर्षं चालत वाजवत आलेली माणसं. बसल्याबरोबर ठेका मेला. ग्यानोबाचा ढोल तर सांत्वनाला आल्यासारखा वाजू लागला.

“मालक, उभं राहू द्या,” चन्नबसप्पा म्हणाला.

उभे राहिले, तसे चालायलाही लागले. वाजवत वाजवत दारातून बाहेर पडले आणि चहाच्या टपरीला वळसा घालून परत आले. टेपवर आवाज गावाला जाऊन आला.

“अहो अप्पा, ही वरात न्हाई!”

“नवरदेव तेवढा कमी हाय, मालक.”

शेवटी तोडगा निघाला. जागच्या जागी पाय आपटायचे. पाच जोड चपला, एक ठेका. धूळ उठली, सॅक्सोफोन मस्तीला आला आणि शेषेरावांची मान हलली. त्यांनी ती ताबडतोब थांबवली.

टेप ऐकून ते म्हणाले, “चपला ऐकू येऊन राहिल्या. पुन्हा करा, अनवाणी, सतरंजीवर. अन् एक सिनेमाचं गाणं टाका, न्हाई तर ही कॅसेट माझ्या दुकानात न्हाई राहायची. जिल्हा होऊन चार महिने झाले, लगेच एवढा तोरा?”

ग्यानोबा चपला काढायला वाकला.

“घाल त्या,” चन्नबसप्पा म्हणाला. “मालक, लोकांच्या नवरदेवांपुढं लोकांची गाणी लई वाजवली. ही सहा माझी हायत. चपला गेल्या तर ठेका गेला, ठेका गेला तर मी बी गेलो. तुमचं दुकान तुम्हाला लखलाभ.”

टेप घेऊन तो लातूरला परतला. कॅसेटवर स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘चपलांसकट’. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या रांगेशेजारी हातगाड्यावर टेपरेकॉर्डर ठेवला आणि आवाज पुरता सोडला.

आधी रांगेत पुढे उभ्या रत्नम्माने घागरीवर बोटं वाजवली. मग मागच्यांचे पाय सुरू झाले.

टँकर दुपारपर्यंत आला नाही. रांग मात्र सकाळपासून हलत होती.