आधी ब्रेक

“आधी ब्रेक, मग बाकीचं,” मी म्हटलं, तशा वहिनी हसल्या. “अहो भाऊजी, गाडी नऊ वर्षं जागची हललेली नाही. तिला थांबवायचं काय?”

खरं होतं. माझ्या गॅरेजच्या मागच्या भिंतीशी ताडपत्रीखाली ती उभी होती. दादाची गाडी. आमच्या जन्माआधीची, लांब नाकाची. चेपलेलं ते नाक मी कधी सरळ केलं नाही. आणि आता पंचावन्नाव्या वर्षी वहिनी लायसन्स काढून आल्या होत्या.

“मला चालवता येईल अशी करून द्या,” त्या म्हणाल्या. “माझे खांदे धरतात, स्टिअरिंग हलकं हवं. आणि वेगाचं ते तुम्हा भावांचं वेड नको.”

वेडच ते! जुन्या गाडीत दुप्पट ताकदीचं इंजिन घालायची हौस दादाची, पण घातलं मी. ब्रेक मात्र जुनेच राहिले. ‘पुढच्या आठवड्यात बदलू’ म्हणालो. दादा गाडी घेऊन गेला आणि त्याच दिवशी टेकडीच्या उतारावर संपला. तेव्हापासून कानाला खडा. गिऱ्हाईक कितीही नाचो, मी आधी ब्रेक बदलतो. लोक मला ‘ब्रेकवाले’ म्हणून चिडवतात. त्यामागचं कुणाला ठाऊक नाही. वहिनींना तर नाहीच, असं मी धरून चाललो होतो. एकाच घरात राहून त्यांच्या हातचं जेवत होतो. लाज वाटायची, तरी जेवायचो.

तीन महिने खपलो. नाक सरळ केलं. ते दांडगं इंजिन काढून बेताचं बसवलं. चारही चाकांना डिस्क ब्रेक, पॉवर स्टिअरिंग, हलका क्लच. सीट तेवढी राहिली. दादा ताडमाड, त्याची सीट पार मागे सरकवलेली. वहिनींसाठी पुढे ओढायला गेलो, तर हलेचना.

“सरक ना रे दादा,” माझ्या तोंडून निघून गेलं. आणि सीट सरकली. भर दुपारी, शटर उघडं असताना अंगावर काटा आला माझ्या.

पहिल्या फेरीला वहिनी म्हणाल्या, “टेकडीवरूनच जाऊ.” मी बाजूला बसलो. आज सांगून टाकायचं ठरवलं होतं. उतार लागला. दादा गेला ते वळण आलं. वहिनींनी ब्रेक दाबला. गाडी मुकाट्याने, जराही न भरकटता उभी राहिली.

“वहिनी, त्या दिवशी ब्रेक...”

“माहितीये. पुढच्या आठवड्यात बदलतो म्हणाला होतात तुम्ही. ह्यांनी फोनवर सांगितलं होतं मला.” त्या समोर बघत होत्या. “मीच म्हटलं, आठवडा कशाला, आजच घेऊन या. बहिणीकडे मिरवायचं होतं ना मला!”

नऊ वर्षं एका टेबलाशी जेवलो आम्ही, आणि दोघंही मूग गिळून बसलो. मला रडू फुटलं. वहिनींनी हँडब्रेक ओढला, डोळे पुसले आणि माझ्या पायाकडे पाहिलं. माझ्या बाजूला ब्रेक नाही. तरी माझा उजवा पाय तिथल्या पत्र्यावर गच्च रोवलेला होता.

“काढा पाय, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “गाडी थांबलीय.”