काचेतली चार यानं

"आली! आली बघा!" कुणीतरी ओरडलं आणि सभागृहातले दीडशे लोक एकदम पुढे रेटले. नवव्या मजल्यावरची भलीमोठी खिडकी, आतले दिवे मालवलेले, बाहेर नुकताच मावळलेला दिवस, आणि त्या काळपट निळ्या आभाळात चार दिवे. एकमेकांना खेटून, हळूच थरथरणारे. तिसरा लालसर.

"ते प्रमुखांचं यान," खिडकीशेजारी उभा असलेला, स्वतःला आकाशदूत म्हणवणारा तो बाबा म्हणाला. जणू मेव्हण्याची गाडीच फाटकात येऊन उभी राहिली होती! "समोर बघा, समोर! मागे वळलात की प्रकाश तुटला म्हणून समजा."

माझं लक्ष ताईकडे होतं. माझी थोरली बहीण. लहानपणापासून साखरेचा आजार, रोज इंजेक्शन घेतल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि गेले तीन दिवस आकाशदूताच्या सांगण्यावरून तिने ते घेतलंच नव्हतं. घटाघटा बाटलीभर पाणी प्यायची, लगेच पुन्हा ओठ कोरडे. सकाळपासून दोनदा उलटी झालेली.

"ताई, ऊठ. डॉक्टरकडे जाऊ."

"आजची शेवटची बैठक आहे रे. मग बघू."

"अगं, उलट्या होताहेत तुला!"

"विष बाहेर पडतंय. ते म्हणाले तसं."

आणि तिला इथे आणलं कुणी? मी. या दीडशहाण्याने. पहिल्या दिवशी ही यानं बघून माझाच आ वासला होता, आणि धावत घरी जाऊन मीच तिला सांगितलं होतं. शरमेची गोष्ट अशी, की माझा धंदा काचा बसवण्याचा. ही खिडकीसुद्धा मीच बसवलेली. पण आभाळाकडे डोळे लावलेला माणूस काच कुठे बघतो?

आकाशदूताची टकळी चालूच होती. "त्यांच्या ग्रहावर साखरच नाही. मग साखरेचा आजार कुठून असणार?" लोकांनी माना डोलावल्या. त्यांच्या ग्रहावर जिने नसतील, म्हणून काय आपण खिडकीतून उड्या मारायच्या? पण मी हे मनातल्या मनातच म्हणालो. माझा पाय एका जागी ठरेना. खिशातली काडेपेटी मी उघडत होतो, मिटत होतो. पुन्हा उघडत होतो.

काडेपेटी!

आम्ही काचवाले ती विडीसाठी बाळगत नाही. दुहेरी काच बसवली की तिच्यापुढे काडी पेटवून बघतो. दोन काचा, त्यांच्या चार बाजू, म्हणून काचेत एकाच ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतात. उष्णता अडवणारा पातळ थर ज्या बाजूला असेल, तिथली ज्योत वेगळ्या रंगाची. थर योग्य बाजूला आहे की नाही, ते असंच कळतं. ही खिडकीही मी तपासली होती. ज्योती चार. तिसरी लालसर.

 मी मागे वळलो. दाराच्या वर, पत्र्याच्या नळीत बसवलेला एक छोटासा दिवा खिडकीवर रोखलेला होता.

"एऽ, वळू नकोस!" आकाशदूत खेकसला. मी लोकांना ढकलत खिडकीशी गेलो आणि काडी ओढली. आभाळात आणखी चार दिवे उगवले. तिसरा लालसर.

"बघा!" मी ओरडलो. "माझीही यानं आली!"

आकाशदूत काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "याने बोलावलं, म्हणून ते आले! केवढी त्यांची कृपा!" आणि लोक पुन्हा डोलायला लागले. माझं डोकं फिरलं. काडेपेटी मी ताईच्या हातात कोंबली.

"तू पेटव. कुणाला बोलावू नकोस. नुसती पेटव."

तिच्या हातून दोन काड्या मोडल्या, तिसरी पेटली. बाहेर चार ज्योती. ताईने त्यांच्याकडे बघितलं, मग हळूच फुंकर मारली. चारही गेल्या.

आता मी खुर्ची ओढत दारापाशी गेलो, तिच्यावर चढलो आणि डोक्यावरची टोपी त्या दिव्यावर टाकली. आकाशदूताची यानंही गेली.

"अविश्वासामुळे गेली!" तो ओरडला.

मी टोपी काढली. "आली. बसला वाटतं विश्वास." टोपी टाकली, "गेली." काढली, "आली." मागे कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळं सभागृहच मागे वळलं. तेवढ्यात आकाशदूत मागच्या जिन्याने पसार झाला. चार यानं दिमतीला असताना नऊ मजले पायी!

ताई मात्र मटकन खाली बसली. "मला घेऊन चल रे," एवढंच म्हणाली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला फैलावर घेतलं, आणि मी मुकाट ऐकून घेतलं. "उद्या आणलं असतंत, तर मला काही करता आलं नसतं," त्या म्हणाल्या. ते वाक्य अजून मला झोपू देत नाही.

म्हणून सांगतो. डोळ्यांना दिसलं म्हणजे खरं, असं मानू नका. मी मानलं होतं. कसं दिसलं, कुठून दिसलं, ते विचारा. आणि जो कुणी प्रश्नच विचारू नका म्हणेल, त्याच्या सांगण्यावरून औषधाचा एक थेंबही चुकवू नका.

दुसऱ्या दिवशी ताईने डोळे उघडले. हाताला सलाइन, आवाज खोल गेलेला.

"पण खरंच कुणी असेल का रे तिकडे?"

"असेलही. एवढं अफाट आभाळ आहे, आपणच एकटे कशाला असू? पण शोध लागेल तेव्हा बघायला तू हवीस ना, ताई?"

 इंजेक्शन घेऊन आलेल्या परिचारिकेसमोर तिने आपणहून दंड पुढे केला.