बिराप्पानं फोन रिकामा केला

बिराप्पा धनगर म्हणजे लई हट्टी गडी. बायको, सीताबाई, वारल्यापासून सास्तूरच्या माळावर मेंढरांमागं एकटाच फिरायचा. पुण्याला नोकरीला असलेल्या पोरानं, प्रेमनं, मोठा फोन घेऊन दिला आणि बिराप्पाचं तोंडच बंद झालं की हो. दिवसभर मान खाली. कुणी नाचतंय, कुणी भांडतंय, आणि हा बघतोय. कहर म्हणजे मेंढरांना घालायची हाळीसुद्धा गड्यानं फोनात भरून ठेवली. बोट लावलं की फोन ओरडायचा, मेंढरं वळायची. आता याला काय म्हणावं, तुम्हीच सांगा.

एका दुपारी चार्जिंग संपलं आणि मेंढरं सरळ माळाशेजारच्या गुंडप्पाच्या हरभऱ्यात शिरली. बिराप्पानं हाळी घातली, पण घशातून नुसती घरघर निघाली. एकाही मेंढरानं मान वर केली नाही. आपलीच जनावरं आपल्याला ओळखंनात, हे बघून त्याला रडू आलं.

गुंडप्पानं काठी घेऊन मेंढरं बाहेर काढली. शिव्या देईल वाटलं होतं, पण म्हणाला, "बिराप्पा, आडाला पानी यायचं तर आधी गाळ उपसावा लागतो. काढून टाक की त्या फोनातलं समदं."

बिराप्पानं घरी येऊन एकेक करत सगळं पुसलं. नाच गेले, भांडणं गेली, हाळी गेली. नुसतं बोलण्यापुरता फोन ठेवला. माळावर परत स्वतः ओरडायला लागला, तशी हळूहळू मेंढरंही वळायला लागली.

पण फोन गप्प झाला, तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं. प्रेमचा फोन दसऱ्यापासून आलाच नव्हता. इतके दिवस त्या गोंगाटात कळलंच नव्हतं. आता माळावरची शांतता अंगावर यायची. मेलं ते सगळं परत भरून घ्यावं, असं कैकदा वाटलं. भरलं मात्र नाही.

शेवटी एका संध्याकाळी त्यानंच फोन लावला.

"आप्पा? कोण गेलं?" प्रेमनं घाबरून विचारलं. कुणी गेल्याशिवाय आपणहून फोन लावायची बिराप्पाची रीतच नव्हती.

"कुनी न्हाय."

"मग?"

"काय न्हाय रं. बोलावं वाटलं."

कामाशिवाय बोलणं बापलेकांना कधी जमलंच नव्हतं. बिराप्पानं फोन तसाच कानाला धरून ठेवला. पलीकडं प्रेमनंही फोन कट केला नव्हता.