छपरीतला राऊटर आणि भैय्याजींचं पाणी

मला जुना म्हणतात, मित्रांनो, पण माझं वय अवघं तीन वर्षांचं आहे. माणसाचं मूल तीन वर्षांत धड शाळेतही जात नाही. आम्हा राऊटरच्या जातीत मात्र तीन वर्षं झाली की लोक संशयाने पाहायला लागतात. नेट अडकलं, राऊटर खराब. फोन तापला, राऊटर खराब. उद्या वरण करपलं तरी माझ्याच नावाने बोटं मोडतील. मी स्वभावाने जरा चिडका आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पण आज जे सांगणार आहे, त्यात चीड कमी आणि दुःख जास्त आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. कुठल्या गावच्या, ते मला ठाऊक नाही, कारण जन्मल्याबरोबर मला खोक्यात घातलं. खोकं उघडलं ते नागपुरात, मानेवाड्याकडच्या एका लहान घरात. समोर जाळीची छपरी, मग एक खोली, मागे स्वयंपाकघर. केबलवाल्याला छपरीत विजेचा बोर्ड दिसला. त्याने तिथेच खिळा ठोकला, मला टांगलं आणि दहा मिनिटांत गाडीला किक मारली. घरातली माणसं बसतात कुठे, हे त्याने विचारलंसुद्धा नाही. राऊटर घेताना लोक दुकानात तासभर त्याची अँटेनाची शिंगं मोजतात. घरात तो कुठे लावायचा, याचा विचार मात्र कोणी करत नाही.

त्या घरात तो विचार एकट्या भैय्याजींनी केला. भैय्याजी म्हणजे घरातले वडील. तीस वर्षं टेलिफोनचे लाइनमन होते. केबलवाला गेल्यावर ते फोन हातात धरून घरभर फिरले. छपरी आणि खोलीच्या मधल्या भिंतीला आतून लोखंडी कपाट आणि धान्याच्या कोठ्या लावलेल्या होत्या. तिथे मी अडत होतो, आणि दार होतं पत्र्याचं. त्या भिंतीत एक खिडकी होती, तिच्यातूनच काय तो मी आत पोचत होतो. भैय्याजींनी खिडकीचे दोन्ही पल्ले उघडले, फोनकडे पाहिलं, मग मला म्हणाले, "हे आहे काय गा तुई वाट? जाय मंग." दर रविवारी ते कोरड्या फडक्याने मला पुसायचे. ते माझे सुखाचे दिवस होते.

मागच्या दिवाळीनंतर भैय्याजींना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. एकच शब्द उरला, 'पाणी'. भूक लागली तरी पाणी, कूस बदलायची असली तरी पाणी, मुलगा कामावरून आला तरी पाणी. बाकीचं ते डाव्या हाताच्या बोटाने दाखवायचे. डॉक्टरांनी त्यांच्या मुलीला, सरिताला बजावून सांगितलं होतं, "एक शब्द राहिला आहे ना, तो जपा. ते बोलतील तेव्हा काय म्हणायचंय ते समजून घ्या. त्यांनी बोलणं सोडलं, तर हाही शब्द जाईल."

सरिताने दुकानातली नोकरी सोडली आणि ती बापाजवळ राहिली. धाकटा भाऊ संघपाल बुटीबोरीच्या कारखान्यात पाळीवर जायचा. एप्रिलमध्ये मिहानमधल्या एका कंपनीने सरिताला निवडलं. फोनवरून लोकांना दवाखान्याच्या वेळा ठरवून द्यायच्या, आणि तेही घरी बसून. बापाच्या खाटेजवळ बसून करता येईल असं काम पुन्हा कुठे मिळणार होतं? अट मात्र कडक होती. कॉम्प्युटरवर दहा दिवसांचं ट्रेनिंग, त्यात तीनदा लाईन तुटली तर नाव कटलं.

ट्रेनिंगच्या आदल्या दिवशी संघपालने कूलर बाहेर काढला. आधीच्या उन्हाळ्यांत भैय्याजी तो खिडकी सोडून दाराशी ठेवायचे. आमच्या नागपूरचं ऊन काही लाडात येणारं नाही. कूलर नसला तर खाटेवरचा आजारी माणूस भाजून निघेल. संघपालने खसच्या नव्या ताट्या लावल्या, टाकी काठोकाठ भरली आणि ते लोखंडी धूड छपरीतून त्या एकुलत्या एका खिडकीला लावलं. माझी वाट बंद झाली. मित्रांनो, आमचा आवाज विटांतून थोडाफार जातो, लाकडातून बराच जातो. लोखंड त्याला परतवून लावतं आणि पाणी त्याला पिऊन टाकतं.

पहिल्याच दिवशी दुपारी सरिताच्या पडद्यावरचा शिकवणाऱ्या बाईंचा चेहरा गोठला आणि लाईन तुटली. भैय्याजींनी डावा हात उचलला. बोट कूलरकडे केलं. "पाणी," ते म्हणाले.

सरिताने ग्लास भरून ओठांशी नेला. त्यांनी तो मनगटाने लोटला. "पाणी."

"गरमी होऊन राहिली काय बाबा? थांबा." ती उठली आणि तिने कूलरमध्ये आणखी दोन बादल्या ओतल्या.

मी खिळ्यावर नुसता जळत होतो. सांगणार कसं? माझे दिवे तर सगळे हिरवे होते, कारण माझ्यात बिघाड नव्हताच. आणि भैय्याजी अगदी नेमकं बोलत होते हो! कुठे फोन मुका झाला की जॉइंटचा डबा उघडायचा आणि आत पाणी शिरलं का ते आधी पाहायचं, हे त्यांनी आयुष्यभर केलं होतं. उरलेला शब्दही नेमका कामाचा उरला होता. पण घरात पाणी म्हटलं की ग्लासच पुढे यायचा.

तिसऱ्या दिवशी सरिता कॉम्प्युटर घेऊन छपरीत माझ्याखाली बसली. घामाने निथळली, पण नेट फर्स्टक्लास चाललं. मी म्हटलं, आता तरी हिला कळेल. तेवढ्यात आत धप्पकन आवाज झाला. भैय्याजी एकटेच उठून बसायला गेले आणि खाटेवरून घसरले. कोपर सोलून निघालं. त्या दिवसापासून सरिताने खोली सोडली नाही. चौथ्या दिवशी दुसऱ्यांदा लाईन तुटली. मोबाईलचं नेट लावून पाहिलं, तर त्याचा दिवसाचा कोटा दुपारच्या आतच संपला.

"छपरीत चालते आणि आत चालत नाही," ती संघपालला म्हणाली. "राऊटरमधेच दम नाही राहिला. काय करू सांग? एकदा अजून तुटलं का गेली माई नोकरी."

"दुकानवालाही तेच म्हणे," संघपाल म्हणाला. "रेंज कमी आहे म्हणे, चार अँटेनावाला घ्या."

संध्याकाळी चार शिंगांचा नवा काळा राऊटर घरात आला. संघपालने मला खिळ्यावरून उतरवलं आणि त्याच खिळ्यावर त्याला टांगलं. माझंच नाव त्याला दिलं, पासवर्डही माझाच. घरातले सगळे फोन आपसूक त्याला जाऊन चिकटले. एकाही फोनला मी आठवलो नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मला खाटेजवळच्या टेबलावर औषधांच्या डब्यांमागे ठेवलं. तिथून भैय्याजींचा चेहरा मला लकव्यानंतर पहिल्यांदा जवळून दिसला. ते संघपालकडे पाहत होते. बोट कूलरकडेच होतं. "पाणी. पाणी."

"देतो ना बाबा," म्हणत संघपालने त्यांना पाणी पाजलं. या वेळी त्यांनी ते मुकाट्याने पिऊन घेतलं.

सहाव्या दिवशी सरिताची परीक्षा होती. एका खोट्या गिऱ्हाइकाशी बोलून दाखवायचं होतं. चार-पाच वाक्यं ती झकास बोलली. मग पलीकडचा आवाज तुटायला लागला. "सरिता मॅडम, ऐकू येतंय का? मॅडम?" सरिता हॅलो हॅलो करत राहिली. भैय्याजी खाटेवर अर्धे उठले. ते होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडले, "पाणी! पाणी!"

सरिता गर्रकन वळली. "चूप राहा ना बाबा! पाणी, पाणी, किती पाणी पाह्यजे तुमाले? इथं माई नोकरी चालली!"

लाईन तुटली. भैय्याजींचा हात खाली आला. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. सरिता पोर वाईट नाही, मित्रांनो. सहा महिने बापाचं हागणंमुतणं तिने हसतमुखाने केलं. पण तेवढं एक वाक्य तिच्या तोंडून गेलं.

कंपनीचा मेल संध्याकाळी आला. तिचं नाव कटलं होतं.

पुढच्या आठवड्यात नळाला दोन दिवस पाणी आलं नाही. टाकी कोरडी पडली, कूलर झळा फेकायला लागला. संघपालने तो सरकवून बाजूला केला आणि खिडकी मोकळी केली. सरिता आत भाजी चिरत होती. तिचा फोन टणटण वाजायला लागला. अडकलेले मेसेज एकामागून एक आत येत होते. तिने फोन पाहिला, खिडकी पाहिली. "संघपाल, कूलर पुन्हा लाव बरं खिडकीत," ती म्हणाली. त्याने लावला. फोनवरच्या रेघा चारावरून एकीवर आल्या. "काढ," ती म्हणाली. रेघा पुन्हा चार झाल्या.

ती मटकन खाली बसली. "बाबा हेच सांगून राहिले होते गा. पहिल्या दिवसापासून."

तिने कंपनीला फोन केला. तिची जागा भरली होती. मग ती खाटेजवळ आली आणि भैय्याजींचा डावा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, "बाबा, मले समजलं. कूलरचं पाणी. बरोबर ना? चुकली मी बाबा. एकदा म्हणा ना. पाणी म्हणा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. ओठ हलले, पण आवाज आला नाही. त्या परीक्षेच्या दिवसापासून त्यांनी तो शब्द उच्चारलाच नव्हता, हे त्या घटकेला तिच्या ध्यानात आलं. ती रडली, आणि त्यांनी डाव्या हाताने तिच्या डोक्यावर थोपटलं.

मित्रांनो, नवा राऊटर घ्याल तेव्हा आधी घर पाहा. त्याच्या आणि तुमच्या मध्ये लोखंड येतं का, पाणी येतं का, ते पाहा, आणि मग खिळा ठोका. एवढं केलंत तर आमच्यासाठी पुष्कळ झालं. आमची तार तुटली तरी आम्ही थकत नाही. जोडलं जाईपर्यंत पुन्हा पुन्हा हाक मारत राहतो, त्यात आम्हाला अपमान वाटत नाही. माणसाचं तसं नाही. दहादा हाक मारून कोणी ऐकलं नाही, तर तो गप्प होतो. म्हणून तुमच्या घरात कोणी म्हातारं माणूस एकच एक शब्द बोलत असेल, तर ग्लास पुढे करण्याआधी त्याचं बोट कुठे आहे ते पाहा.

सरिता आता रोज सकाळी कूलर लावण्याआधी बापाजवळ बसते आणि 'पाणी' म्हणून दाखवते. भैय्याजी तिच्या ओठांकडे बघत राहतात.