देव कितव्या पानावर येतो

मार्गशीर्षात आमचे बुवा कीर्तनाच्या दौऱ्यावर गुहागरकडे गेले आणि माझ्या संध्याकाळी ओस पडल्या. चाळीस वर्षं मी देवळातल्या त्याच खांबाला टेकून बसते. झांज वाजली की दिवसभराचा शीण उतरतो. आता झांजच नाही म्हटल्यावर करमणार कसं? सुनेत्रा, माझी सून, म्हणाली, "आई, मी वाचनालयातून कादंबऱ्या आणते. नावाजलेल्या आहेत. शिकलेली माणसं पुन्हा पुन्हा वाचतात."

"आण," म्हटलं.

पहिलीनेच तोंड कडू झालं. कोणी राजपुत्र, पानापानावर चंद्र, आणि राणीच्या केसांचं वर्णन दीड पान. एवढे केस माझ्या घरात कोणी मोकळे सोडले असते तर मी आधी तेल घातलं असतं. राजपुत्र मद्य पितो, मूर्च्छित होतो, शुद्धीवर येतो आणि पुन्हा पितो. आणि हाच नायक!

दुसरी विलायतेतली, मराठीत आणलेली. तिच्यातली माणसं मेजावर मांस चापतात, कुत्र्याचं तोंड कुरवाळून त्याच हाताने पाव मोडतात. चारशे पानांत एकानेही आंघोळ केली नाही, मी मुद्दाम बघत होते. शेवटी नायकाने नायिकेचा हात ओठांना लावला तेव्हा मी पुस्तक मिटलं आणि हात धुऊन आले.

"मग वाचता कशाला?" सुनेत्रा हसून म्हणाली.

"कथेला बसलं की मधे उठायचं नसतं, म्हणून."

त्याच आठवड्यात मालनची चिमा माहेरी आली. मालन आमच्या नारळी-पोफळीच्या आगरात कामाला असते, नवरा मुंबईला गिरणीत. चिमा पंधरा वर्षांची, सासर संगमेश्वराकडे. दीड दिवस एकटी चालत आली होती, आणि मनगटावर तापल्या उलथन्याचा डाग. सासऱ्याचा निरोप पाठोपाठ आला, शनिवारी न्यायला येतो म्हणून.

"धाडू का वो काकू?" मालनने मला विचारलं.

"धाड गो," मी म्हटलं. "सोसणाऱ्याच्या मागे देव उभा असतो. कीर्तनात किती वेळा ऐकलंय मी."

मालनने मान हलवली. मी म्हटलं म्हणजे झालंच, असा तिचा विश्वास.

बुधवारी तिसरी कादंबरी उघडली. मला मनातल्या मनात वाचता येत नाही. ओठ हलले की आवाज येतो, आणि आवाज आला की चाल लागते. त्यात वाचनालयाने तिला लाल कापडाची बांधणी केलेली. मांडीवर पुस्तक घ्यायची मला सवय नाही, म्हणून ओटीवर चौरंग मांडून वाचत होते. आगरातून मालनने ऐकलं. ती हातपाय धुऊन चिमाला घेऊन आली, चौरंगावर मूठभर तांदूळ आणि दोन झेंडूची फुलं ठेवली, नमस्कार केला आणि दोघी पायरीवर बसल्या. आत सुनेत्राने तोंडाला पदर लावला.

पोथी नव्हे ही, असं मी सांगायला हवं होतं. पण महिनाभरानं कोणी भक्तिभावाने ऐकायला बसलं होतं, आणि माझी जीभ रेटेना.

गोष्ट एका सुनेची. सासरी छळ. दोनदा ती माहेरी पळून येते, दोनदा आई तिला परत पोचवते. मालन ऐकताना पुटपुटायची, "येल आता. इतका झाला म्हंजे येतोच."

"कोण?"

"देव वो! आणखी कोण?"

खरं सांगते, मीही त्याचीच वाट पाहत होते. गुराखी होऊन येईल, भिकारी होऊन येईल. बुवांच्या आख्यानात तो कधी चुकलेला नाही. शुक्रवारी संध्याकाळी ती सून गोठ्यात तापाने फणफणून पडली. दार वाजलं. मालन ताठ बसली. दारात टपालवाला. तो पत्र टाकून गेला. त्यापुढच्या पानावर पोर मेली. आणि लेखकाने लगेच दोन पानं सूर्यास्त लिहिला.

मी पान उलटलं. कोरं.

"मगे?" मालन म्हणाली.

"संपलं."

"असा कसा संपला? मागचा पान बगा काकू, ऱ्हायला आसल."

मी पानांचे आकडे लावून पाहिले. एखादं फाटलं असेल, ही आशा मलाही होती. आकडे सरळ होते.

मला शिसारी आली. रडवतात आमचे बुवाही, सगळं देऊळ पदराने डोळे पुसत असतं. पण रडवलेल्या माणसाला हसवल्याशिवाय ते घरी पाठवत नाहीत. हा मेला रडवतो आणि तसंच अंधारात हाकलून देतो! असलं लिहिताना याला जेवण कसं गेलं असेल?

चिमा तीन दिवसांत पहिल्यांदाच बोलली. "तिच्या आयशीनं परत धाडलीन कशाला?"

मालनने माझ्याकडे बघितलं नाही. लेकीचं मनगट धरून ती उठली.

शनिवारी चिमाचा सासरा, भागोजी, आला तो थेट आमच्या अंगणात. छत्री काखेत, पागोटं नीट बांधलेलं, माणूस दिसायला सभ्य. मालन झाडांना पाणी घालत होती.

"पोरीला काढ भायेर. मोटार सुटेल."

"चिमी येत नाय."

"कोण म्हणतो?"

"पोथीत आलाय," मालन म्हणाली. "परत धाडलेली पोर मरते. काकूंनी वाचलान, मी माज्या कानांनी आयकलाय."

भागोजी माझ्याकडे वळला, हात जोडून. "काकू, तुमी देवाधर्माच्या. असा कुटच्या पोथीत आसतो काय?"

माझ्या मागे दारात सुनेत्रा उभी होती. त्या घाणेरड्या पुस्तकाला पोथी म्हणायचं, तेही अंगणातल्या तुळशीसमोर! माझ्या जिवावर आलं. पण पायरीआड चिमा बसली होती, आणि तिने डागाचा हात पदरात लपवला होता.

"आहे," मी म्हटलं. "बुधवारपासून वाचतेय. पोर गोठ्यात मेली."

भागोजीने पागोटं सारखं केलं. खालच्या आवाजात म्हणाला, "आन सासऱ्याचा काय झाला?"

लेखकाने सासऱ्याचं काहीच लिहिलं नव्हतं. म्हातारा शेवटच्या प्रकरणात झोपाळ्यावर सुपारी कातरत बसला होता, तो तसाच.

"त्याच्या हातचं पाणी," मी म्हटलं, आणि माझ्या आवाजाला आपोआप बुवांची चाल लागली, "गावात पुन्हा कोणी घेतलं नाही. मेला तेव्हा खांदा द्यायला चार माणसं मिळाली नाहीत. बैलगाडीवर घालून न्यावा लागला."

भागोजीने छत्री एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. चिमाकडे न बघता तो अंगणाचं बेडं ढकलून रस्त्याला लागला.

मी आत येऊन पुस्तक सुनेत्राच्या हातात कोंबलं. "आजच्या आज परत दे. तीनशे पानं काळी केलीन, आणि एवढी चार वाक्यं लिहायला याला सवड झाली नाही!"