टेबलाच्या पायाखालची चिठ्ठी

मास्तर पलंगावरून उतरले आणि डाव्या टाचेत सणसणीत कळ गेली. आई गं! तीन आठवडे रोज हेच. पहिली दहा पावलं जीव काढायची, मग जरा बरं वाटायचं आणि दुपारनंतर पुन्हा ठसठस. माणूस नाकावर माशी बसू न देणारा. कारखान्यात कुणाला कळू नये म्हणून ते सारखे या पायावरून त्या पायावर व्हायचे, उगाच खिडकीपर्यंत जाऊन यायचे.

कपड्यांच्या कारखान्यात ते कटिंग मास्तर. बसून कापलं की रेघ वाकते, हा त्यांचा हेका. त्यापायी खोलीतली सगळी स्टुलं त्यांनी माळ्यावर टाकली होती. ज्या बायका नुसते धागे काढायच्या, त्यांनासुद्धा उभं केलं, आणि त्यांत त्यांची सख्खी थोरली बहीण होती. दोन वर्षांपूर्वी ताईने डॉक्टरांची चिठ्ठी आणली, तेव्हा "नाटकं पुरे" म्हणत त्यांनी ती न वाचताच घडी घालून डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. ताई पुन्हा उभ्यानेच धागे काढू लागली. गेल्या महिन्यात मात्र तिने थेट मालकांना सांगितलं, काम सोडते. आज तिचा शेवटचा दिवस होता.

आई गेल्यावर ताईनेच त्यांना वाढवलं, हातात पहिली कात्री दिली. तिच्याशिवाय ती खोली त्यांना नको होती. पण थांब म्हणायला जीभ रेटत नव्हती.

टाचेवर इलाज त्यांनी स्वतःच केला होता. पुठ्ठ्यावर पाऊल ठेवून खडूने आखलं, दुखरी जागा हेरली आणि बुटाच्या तळाला नेमकं तेवढंच गोल भोक पाडलं. कापणी बिनचूक होती. दुखणं दुप्पट झालं. शेवटी आज सकाळी ते डॉक्टरीणबाईंकडे गेले.

बाईंनी बुटात बोट घातलं आणि ते भोकातून आरपार गेलं. त्यांना हसू आवरेना. "अहो, टाचेला आधार हवा. तुम्ही तर खड्डा खणलात!"

"दुखतंय तिथे टेकू नये म्हणून..."

"टाचेपासून बोटांपर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टी असते. दिवसभर फरशीवर उभं राहून ती ताणली जाते, सुजते. रात्रभरात आखडते. सकाळी पहिलं पाऊल टाकलंत की पुन्हा ताण."

"धुतल्यावर कापड आटतं तसं?"

"अगदी तसंच समजा. उठण्याआधी टॉवेल बोटांना अडकवून पाऊल स्वतःकडे ओढायचं. भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या. थंड पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायची. मऊ टाचेचे बूट घ्या, घरातही अनवाणी नको. धीर धरा, काही महिने लागतील. आणि कामात अधूनमधून बसा."

"आमच्याकडे बसायला बंदी आहे."

"कुणी घातली?"

मास्तरांनी घाईघाईने बूट चढवला.

कारखान्यात शिरताच त्यांनी टेबल उचलून चिठ्ठी ओढून काढली. मळलेली, चपटी झालेली. 'टाचेखालची पट्टी सुजली आहे. कामावर बसायला स्टूल द्यावे.' एवढंच. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. एक स्टूल, आणि तेही आपण दिलं नाही. तीन आठवड्यांत ते हैराण झाले होते, ताईने दोन वर्षं काढली होती.

शिडी लावून ते माळ्यावर चढले. प्रत्येक पायरीला टाच बोंबलत होती. एकेक करून सगळी स्टुलं खाली आली. पहिलं त्यांनी ताईजवळ ठेवलं, शर्टाच्या बाहीनेच पुसलं.

"ताई, चुकलो मी."

तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. पण बसली. दिवसभर धागे काढत राहिली. मास्तर टेबलाभोवती घिरट्या घालत होते. कापताना आज टेबल डुगडुगत होतं आणि रेघ दोनदा वाकली.

सुटीची घंटा झाली. ताई उठायला गेली आणि मास्तरांना एकदम आठवलं, बराच वेळ बसल्यावरचं पहिलं पाऊल. ते लंगडत धावले आणि हात पुढे केला. तिने तो घट्ट धरला. दोघंही क्षणभर तोंडं वाकडी करून उभी राहिली.

"तुझीही टाच?" ताईने विचारलं.

"डावी."

"माझ्या दोन्ही." तिने हात सोडला नाही. दारापर्यंत गेल्यावर तिने मागे वळून पाहिलं. "छोट्या, ते स्टूल उचलू नकोस. सोमवारी लागेल मला."